कंबर नेमकी कुठे? एका कॉर्सेटच्या नोंदी

14 जून 2024, शुक्रवार

नाटकाचं काम आलं. प्रायोगिक आहे, म्हणजे पैसे कमी आणि चर्चा जास्त. 1880 च्या दशकातली मुंबई, त्यात विलायतेहून आलेली एक डॉक्टरीणबाई. कामा हॉस्पिटल 1886 साली उघडलं, त्याच्या आगेमागेचा काळ. दुसऱ्या अंकात बाई वरचा झगा उतरवून नुसत्या शेमीज आणि कॉर्सेटवर (कंबर आवळणारं, आत उभ्या ताठ पट्ट्या घातलेलं विलायती वस्त्र) उभी राहते, त्यामुळे आतलं काम लपणार नाही. लपणार असतं तर ब्लाऊजच्या अस्तरात दोन पट्ट्या घालून वेळ मारून नेली असती.

गिरगावात बावीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. कटोरी, प्रिन्सेस कट, नऊवारीवरच्या चोळ्या, नाचाच्या क्लासचे पोशाख. कॉर्सेट एकदाही नाही. ‘होईल’ म्हणून टाकलं.

ठरलं ते असं: छातीच्या खालून सुरू होऊन कंबरेच्या हाडांच्या थोडं खाली संपणारं, पुढे पोलादी बस्क (आकड्यांनी उघडझाप होणारी दोन पट्ट्यांची जोडी), मागे आयलेटं (नाडी ओवायची कडीदार भोकं) आणि नाडी. छाती झाकणारं करायचं तर मापं दुप्पट आणि चुकाही दुप्पट. दिग्दर्शकांना कंबर पाच-सहा इंच आवळलेली हवी होती. मी तीन म्हटलं. पहिल्यांदा घालणाऱ्या बाईला दोन-तीन इंच पुष्कळ झाले, शिवाय तिला त्यात दीड तास बोलायचंय. वर हेही सांगितलं की घट्ट कॉर्सेटला विरोध करणारी रॅशनल ड्रेस सोसायटी लंडनमध्ये 1881 सालीच निघाली होती. त्या काळातली शिकलेली डॉक्टरीण स्वतःच्या बरगड्या कशाला दाबून घेईल? ते गप्प झाले. पटलं की कंटाळले, कळलं नाही.

नटी डोंबिवलीची, तिशीची, मला पहिल्या मिनिटापासून मावशी म्हणते. कुर्त्यावरूनच मापं घेतली. छाती 36, कंबर 31, सीट (नितंबांवरचा घेर) साडे-एकोणचाळीस. दहा मिनिटांत काम झालं.

15 जून

झोप लागली नाही. ब्लाऊज सैल झाला तर टीप मारता येते, घट्ट झाला तर आतली माया (शिलाईत राखलेलं जास्तीचं कापड) सोडता येते. इथे कापड अंगापेक्षा लहानच बेतायचं आणि नाडीने अंगावर ओढून बसवायचं. सैलपणा नावाची सोयच नाही. मग कालची मापं कशाच्या भरवशावर धरायची?

सुरुवात टेपपासून केली. दुकानात तीन टेपा. कापडवाल्यांकडे असतो तसा लोखंडी गज आहे माझ्याकडे, सासऱ्यांचा. तिन्ही टेपा त्याच्याशी लावून पाहिल्या. पोरीची (मदतनीस, लग्न झालंय तिचं, तरी पोरगीच म्हणते) टेप बरोबर. तिसरी बरोबर. माझी, बारा वर्षं गळ्यात असलेली, साठ इंचांत अर्धा इंच ताणलेली निघाली. म्हणजे तीस इंचांच्या कंबरेला दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी दाखवणार. ब्लाऊजमध्ये हे कधी लक्षात आलं नाही, कारण माझा हात त्या टेपला सरावला होता. अंदाजाने मी दोन सूत वाढवतच असणार.

ती टेप कात्रीने चार ठिकाणी कापली. नाहीतर कोणीतरी परत वापरलीच असती.

19 जून, बुधवार

दुसऱ्यांदा मापं. अडीच तास लागले. हा दिवस सविस्तर लिहून ठेवते.

अंगात काय असावं: प्रयोगात शेमीजच्या आत जी ब्रा घालणार तीच, त्यावर पातळ बनियन. बाकी काही नाही. दाराला कडी, पंखा बंद, कारण पंख्याने टेप हलते. नटीला संकोच नव्हता, मलाच होता. बावीस वर्षांत बायकांची मापं बहुतेक कपड्यावरूनच घेतलीत आणि कुर्त्याची जाडी मनातल्या मनात वजा करत आलेय.

कंबर. इथेच सगळं अडलं. तिला विचारलं, तुझी कंबर दाखव. तिने हात लावला तो परकराच्या नाडीच्या वळावर, बेंबीच्या खाली. आपण सगळ्या तिथेच दाखवतो. साडी तिथे नेसतो, सलवार तिथे बांधतो, शिंपीही तिथेच मोजतो. पण कॉर्सेट जिथे वाकतं ती जागा वर आहे. तिच्या कंबरेला अर्धा इंची इलॅस्टिकची फीत सैलसर बांधली आणि तिला डावी-उजवीकडे चार-पाच वेळा वाकायला सांगितलं. इलॅस्टिक सरकत सरकत बेंबीच्या वर दीड इंचावर जाऊन बसलं आणि तिथेच राहिलं. तीच कंबर. नाडीच्या वळावर 31, इलॅस्टिकवर 29. शुक्रवारच्या मापावर बेतलं असतं तर अख्खं कॉर्सेट दीड इंचाहून जास्त खाली गेलं असतं आणि अरुंद भाग नेमका ओटीपोटावर बसला असता.

इलॅस्टिक सोडायचं नाही. पुढची सगळी उभी मापं तिथूनच मोजायची.

श्वास. टेप लावली की बाई पोट आत घेते. नटी तर जास्तच, ताठ उभं राहायची सवय. ‘सोड’ म्हटलं की सोडते, आणि टेपचा आकडा वाचायला वाकले की परत आत. शेवटी तिला म्हटलं, तुझं भाषण म्हण. ती तिसऱ्या वाक्याला पोहोचली आणि पोट आपोआप जागेवर आलं. भाषण चालू असताना तीनदा वाचलं: 29, सव्वा एकोणतीस, पावणे एकोणतीस. 29 धरलं.

टेप आडवी आहे का हे मला समोरून कळत नाही. पाठीमागे पोरगी उभी केली. पाठीत टेप हमखास खाली उतरते आणि माप वाढतं.

घेरांची मापं, बोट आत न घालता, पण टेप मांसात रुतू न देता: छातीच्या बरोब्बर खाली साडेतीस, कंबर 29, कंबरेच्या हाडांवर 35, सीट 38.

मग तीच मापं टेप आवळून, तिला सोसेल इतकी. कंबर साडेसव्वीसपर्यंत आली, बरगड्या जेमतेम अर्धा इंच सरकल्या. हे ब्लाऊजमध्ये कधी करत नाही. इथे करावं लागतं, कारण 29 च्या दोन कंबरा सारख्या दबत नाहीत. एकीचं अंग मऊ असतं, दुसरीचं व्यायामाने घट्ट. आकडा एकच, कॉर्सेट वेगळं. हिची मऊ आहे, तीन इंच जमतील.

उभी मापं, इलॅस्टिकपासून: छातीखालपर्यंत पुढे साडेचार, पाठीत खांद्याच्या पात्याच्या टोकाखाली सहा. खाली जांघेच्या रेषेपर्यंत पुढे साडेसहा. कंबरेच्या हाडाच्या टोकापर्यंत उजवीकडे पावणेचार, डावीकडे सव्वाचार. अर्ध्या इंचाचा फरक. आधी वाटलं माझी चूक, तीनदा मोजलं. मग तिच्या बॅगेकडे पाहिलं. डोंबिवली ते दादर, उजव्या खांद्यावर बॅग, वर्षानुवर्षं. बॅगेमुळेच असं मी छातीठोक सांगणार नाही, पण दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या हे कायमचं ठरलं.

शेवटी पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा. काखेच्या मध्यातून सरळ खाली खडूची रेघ बनियनवर मारली आणि रेघेपासून रेघेपर्यंत मोजलं. कंबरेवर पुढे पंधरा, मागे चौदा. सीटचा भाग मागे जास्त. हे नसतं तर सगळ्या कळ्या (कॉर्सेटचे उभे तुकडे) सारख्या कापल्या असत्या आणि बाजूची शिलाई पुढे ओढली गेली असती.

20 जून

कागदावर गणित. घालून हवी ती कंबर 26. मागे नाडीच्या जागी दोन इंच फट ठेवायची, म्हणजे अंग कमी-जास्त झालं तरी नाडीने सांभाळता येईल. म्हणून कापडाची कंबर 24. छातीखाली 30 (अर्धा इंच दाब), हाडांवर 35, तिथे दाब नाही. एका बाजूला सहा कळ्या, एकूण बारा.

बस्क आणि पट्ट्या मागवल्या. समोरची उंची साडेचार अधिक साडेसहा, 11. बस्क 10 इंची.

24 जून

मंगलदास मार्केट. अस्सल कॉर्सेटसाठी हेरिंगबोन विणीचं घट्ट सुती कापड वापरतात, कूटिल म्हणतात त्याला. मी जाड सुती ड्रिल घेतलं, तिरकं ओढून पाहून सर्वांत कमी ताणलं जाणारं. ट्रायलसाठी मांजरपाट, पण दुहेरी, एकेरी मांजरपाट नाडी ओढली की पसरतं. तिथून चालत लोहार चाळीत, रुंद केबल टाय. ट्रायलमध्ये पोलादी पट्ट्यांऐवजी हेच. दुकानदाराने विचारलं, वायरिंगचं काम का? म्हटलं, हो, एका बाईचं.

29 जून, शनिवार

पहिली ट्रायल. मांजरपाटाचं कच्चं, केबल टाय घातलेले, पाठीला आयलेटांची तात्पुरती पट्टी.

नाडी ओढली आणि पाठीतली फट कंसांसारखी झाली. वर बंद, खाली बंद, मधे कंबरेला दोन इंच उघडी. वर कापड सुटून बोट जात होतं, हाडांवर फुगा. पोरगी म्हणाली, काकू, टरबुजाची फोड दिसतेय.

आधी वाटलं मापं चुकली. पुन्हा मोजली. मापं सूतभरही हलली नव्हती. चूक 20 तारखेच्या कागदावर: फटीचे दोन इंच मी फक्त कंबरेतून वजा केले होते. फट तर वरपासून खालपर्यंत असते! छातीखाली 30 ऐवजी 28, हाडांवर 35 ऐवजी 33 हवं होतं. एवढं मोठं माप-प्रकरण करून वजाबाकी विसरले. नटीसमोर हसले, ती गेल्यावर स्वतःला शिव्या घातल्या.

फटीच्या आकाराने काय कळतं ते लिहून ठेवते, पुढे लागेल. वर उघडी आणि खाली मिटलेली तर छातीखाली घट्ट बेतलंय किंवा खाली सैल. उलट असेल तर उलट. दोन्ही टोकं मिटून मधे उघडी, म्हणजे आजची गत. दोन्ही कडा एकसारख्या अंतरावर समांतर आल्या तर बेत जमला.

दुसरं: तिला खुर्चीवर बसवलं. पुढचा केबल टाय मांडीला टेकून वर सरकला आणि छातीत खुपला. उभं माप उभ्यानेच घेतलं होतं, बसून नाहीच. आता बसवून घेतलं: कंबरेपासून मांडीपर्यंत पावणेसहा. त्यातून अर्धा इंच कमी, म्हणजे खाली सव्वापाचच्या पुढे जायचं नाही. समोरची उंची झाली पावणेदहा. 10 इंची बस्क वाटेत आहे. पोलाद काही कात्रीने कापता येत नाही. 9 इंची परत मागवलं, पैसे माझे.

8 जुलै, सोमवार

दुसरी ट्रायल आज होती. रात्रभर पाऊस, सकाळी गाड्या बंद. नटी डोंबिवलीच्या फलाटावरून दोनदा फोन करून घरी गेली.

मोकळा दिवस मिळाला म्हणून कच्चं दुकानातल्या डमीवर चढवलं. काही उपयोग नाही. डमी दबत नाही, तिला बरगड्या नाहीत, ती बसत नाही.

12 जुलै, शुक्रवार

सुधारलेलं कच्चं, 28-24-33. फट समांतर आली. फक्त खाली डावीकडे कापड थोडं ओढलेलं, तो अर्धा इंच. डाव्या कळ्यांचं फुगवटीचं टोक अर्धा इंच खाली सरकवलं. उजव्या तशाच. कागदी पॅटर्नवर लाल पेनने ‘डावी’ लिहिलं, कारण एरवी आपण एकच बाजू कापून दुमडतो.

आज ती तालमीवरून संध्याकाळी सात वाजता आली. सहज टेप लावली तर कंबर पावणे तीस. मागच्या वेळची 29 सकाळी अकराची होती. तिनेच हसत सांगितलं, मावशी, पाळी जवळ आलीय आणि दुपारी मिसळ झालीय. प्रयोग संध्याकाळचे, म्हणजे खरी कंबर संध्याकाळचीच. तरी बेत बदलला नाही. त्या दिवशी फट पावणेतीन होईल, त्यासाठीच ती ठेवलीय. पण वहीत आता मापाशेजारी वेळ लिहितेय.

श्वासाचं राहिलं होतं. दुसऱ्या अंकात तिचं एक वाक्य आहे, अख्खा परिच्छेद, मधे थांबायचं नाही. पूर्ण श्वास भरून छातीखाली मोजलं: पावणे बत्तीस. सोडून साडेतीस. सव्वा इंचाचा फरक आणि मी तिथे अर्धा इंच दाब दिलेला. कापड 28 चं साडेअठ्ठावीस केलं. म्हणजे वर दाब जवळजवळ नाहीच, आवळणं सगळं कंबरेत. भाषण म्हणून दाखवलं, वाक्य पार पडलं, कान लाल झाले पण पार पडलं.

दिग्दर्शक आले होते. म्हणाले, घट्ट वाटत नाहीये. म्हटलं, तुम्ही तिच्या समोर उभे आहात. बाजूला या. ते बाजूला गेले आणि मग काही बोलले नाहीत.  छाती आणि सीटच्या मधली कंबर बाजूनेही दिसते.

20 जुलै

ड्रिल कापलं. बारा कळ्या, दोन थर. कागदावरून खडू फिरवताना रेघेच्या आतल्या कडेने कापायचं की बाहेरच्या, हे आधी ठरवावं लागतं. बाजूला सहा कळ्या म्हणजे पाच शिलाया, दोन्ही बाजू मिळून दहा. प्रत्येक शिलाईत दोन्ही कळ्यांचं मिळून एक सूत जरी जास्त खाल्लं तरी दहा सूत, सव्वा इंच. तीन इंचांच्या आवळण्यात सव्वा इंच! इतक्या कष्टाने सुतापर्यंत मोजायचं आणि मशीनवर घालवायचं. पोरीला दोन वेळा उसवायला लावलं. रुसली.

27 जुलै

कंबरेची फीत बसवली. दोन थरांच्या मधे, न ताणणारी इंचभर रुंद सुती पट्टी, बस्कपासून आयलेटांपर्यंत. सगळी ओढ हीच घेते, कापड नव्हे. तीही मापाचीच: अर्ध्याला बारा. प्रत्येक शिलाईपाशी खूण करून लावली, नाहीतर एका कळीत सैल आणि दुसरीत घट्ट.

आयलेटं हातोडीने, एकेका बाजूला अकरा. कंबरेपाशी जवळ जवळ. धातूची आयलेटं 1820 च्या दशकात आली, त्याआधी दोऱ्याने काजासारखी भोकं भरत. इतकी ओढ ती सोसत नसत. तीन आयलेटं वाकडी बसली, काढून पुन्हा.

पट्ट्यांची टोकं मेणात बुडवून सुकवली. या हवेत उघडं पोलाद पंधरा दिवसांत गंजतं, आणि पांढऱ्या शेमीजवर गंजाचा डाग पडला की तो कायमचा.

3 ऑगस्ट, शनिवार

घातलं. नाडी तिघींनी मिळून, हळूहळू, मधे चहा. बाहेरून कंबर सव्वासव्वीस. वरच्या पाव इंचाचा हिशेब कापडाच्या दोन थरांचा आणि पट्ट्यांचा, ते बाहेरून मोजताना येणारच. फट वर दोन, मधे दोन, खाली दोनला एक सूत जास्त. बसली, उठली, वाकून जमिनीवरचं पुस्तक उचललं (गुडघ्यातून, कंबरेतून वाकता येत नाही हे तिला तेव्हाच कळलं). भाषण म्हटलं.

तिला सांगून पाठवलं: आधी आठवडाभर घरी रोज तास-दीड तास, सैल नाडीवर, मग हळूहळू घट्ट. कापड आणि पट्ट्या अंगाला वळायला वेळ लागतो. पहिल्याच दिवशी पूर्ण आवळायचं नाही. घालून गाडीत चढायचं नाही. काढलं की पंख्याखाली, पिशवीत कोंबायचं नाही.

जुन्या गिऱ्हाइकांच्या वहीत नवं पान आखलं. आधी फक्त छाती, कंबर, सीट, बाही, उंची असे रकाने होते. आता कंबरेला दोन: ‘नाडीची’ आणि ‘वाकून’. पोरगी म्हणते, ब्लाऊजला याचा काय उपयोग. असेल नसेल. आज दुपारी आलेल्या काकूंची दोन्ही घेतली. अडीच इंचांचा फरक निघाला. त्यांचा ब्लाऊज पाठीत वर चढतो म्हणून दर वर्षी तक्रार असते.

7 ऑगस्ट

नटीचा फोन. चौथा दिवस, सव्वा तास घातलं, उजव्या बाजूला शेवटच्या बरगडीखाली टोचतंय. उजवीकडे, म्हणजे जी बाजू मी बदललीच नव्हती ती. पट्टीचं टोक शिवणीतून सुटलंय की तिथली कळी अर्धा सूत घट्ट झालीय, हे फोनवर कळणार नाही. शुक्रवारी सातला बोलावलंय. तीच ब्रा, तेच बनियन घेऊन ये म्हटलं.